पेन्शन २४,६०० आणि कार्डांचं देणं ५ लाख १० हजार: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका अनुदानित शाळेतून लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या ६७ वर्षांच्या बाई. पेन्शन २४,६०० रुपये, कोषागारातून थेट बँकेत जमा होते. यजमानांच्या बायपासचा विम्यात न बसलेला खर्च आणि नंतरची औषधं तीन क्रेडिट कार्डांवर गेली. आज तिन्हींवर मिळून ५,१०,००० थकले आहेत: १,४०,०००, २,३५,००० आणि १,३५,०००. यातलं पहिलं कार्ड पेन्शन येते त्याच बँकेचं, आणि ग्रॅच्युइटीतून ठेवलेली १,८०,००० ची एफडीही तिथेच. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर. मुलगा पुण्यात, त्याच्या डोक्यावर स्वतःचं गृहकर्ज. गेले पाच महिने एका कार्डातून पैसे काढून दुसऱ्याचं मिनिमम भरणं चाललंय. बँकेतला माणूस म्हणतो पेन्शन लोन घ्या, शेजारी म्हणतात सोनं गहाण टाका, आणि फोनवरचा मुलगा म्हणतो पोलीस पाठवू.

ताई, आधी हिशोब मांडू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कार्डाचं व्याज महिना ३.७५ टक्के धरलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ते ४.४२५ टक्के होतं. ५,१०,००० वर महिन्याचे २२,५६७ रुपये. तुमच्या तीन बिलांचं मिनिमम जवळपास २५,५०० येतं, म्हणजे सगळं मिनिमम वेळेवर भरूनही मुद्दलातून उतरतात २,९३३ रुपये. आणि तेही कार्डातून रोख काढून भरलेले. रोख काढली की त्या दिवसापासून व्याज, शिवाय काढण्याची वेगळी फी. म्हणजे दर महिन्याला देणं कमी होत नाही, वाढतंय. एवढ्या शिस्तीने इतकी वाईट गोष्ट क्वचितच केली जाते, पण ती करायला बिलच शिकवतं: मिनिममचा आकडा ठळक, व्याजाचा बारीक.

आता दुसरी बाजू. औषधं ६,२००, किराणा-दूध-भाजी ८,५००, लाइट-गॅस-फोन १,९००, सोसायटीचा मेंटेनन्स १,२००, मेडिक्लेमच्या हप्त्यासाठी बाजूला २,५००, किरकोळ १,८००. बेरीज २२,१००. उरले २,५००. बँकेने उद्या सगळं व्याज माफ करून निव्वळ मुद्दल चार वर्षांत फेडा म्हटलं, तरी महिन्याला १०,६२५ लागतील. ते तुमच्याकडे नाहीत. तेव्हा हे फेडायचं देणं राहिलेलं नाही, मिटवायचं देणं आहे. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. फेडायच्या वाटेवर (ईएमआय करून घ्या, बॅलन्स ट्रान्सफर करा, मोठं कर्ज काढून छोटी बंद करा) तुम्ही आणखी सहा महिने घालवले तर हातातली एफडी संपेल आणि देणं तसंच राहील.

तर आजपासून तिन्ही कार्डं वापरणं बंद. ॲपमध्ये जाऊन ब्लॉक करा. ‘बंद’ करायला बँक आधी पूर्ण रक्कम मागेल, ब्लॉक करायला मागत नाही. कार्डावर लावून ठेवलेली बिलं (मोबाइल, वीज, विम्याचा हप्ता) काढून घ्या. विम्याचा हप्ता विसरून पॉलिसी लॅप्स झाली तर ते नुकसान कार्डापेक्षा मोठं.

पेन्शन लोन आणि सोनं, दोन्हींना नाही

कार्डाचं देणं बिनतारणी आहे. बँकेकडे तुमची कुठलीच वस्तू गहाण नाही, म्हणून सर्फेसी कायद्याखाली (तारण ठेवलेली मालमत्ता बँकेने ताब्यात घेण्याचा कायदा) घरावर नोटीस चिकटवता येत नाही. वसुलीसाठी तिला कोर्टात किंवा लवादाकडे जावं लागतं, आणि तिथेही पेन्शनला हात लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०, पोटकलम १ चं परंतुक, खंड ‘जी’: पेन्शनराला मिळणारं निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी जप्त करता येत नाही. हे संरक्षण सरकारी पेन्शनपुरतंच नाही, ‘इतर कोणताही नियोक्ता’ हे शब्द त्यात आहेत. पीपीएफमधली रक्कमही कोर्टाच्या जप्तीतून वगळलेली आहे.

पेन्शन लोन घेतलं की हीच भिंत तुम्ही स्वतः पाडता. हप्ता पेन्शन जमा होताच खात्यातून कापला जातो, आणि तशी संमती तुम्ही सही करून दिलेली असते. व्याज कार्डापेक्षा कमी, हे खरं. पण ३ लाखांच्या कर्जाचा हप्ता तुमच्या २,५०० त बसत नाही, मग तो औषधांतून जातो. सोन्याचंही तसंच: कार्ड थकलं तर फोन येतात, सोनेतारण थकलं तर लिलाव होतो. बिनतारणी देणं मिटवायला तारणी देणं डोक्यावर घेऊ नका. घरावर कर्ज तर नाहीच नाही.

फ्लॅटबद्दल उलट टोकाची एक चूक लोक करतात: घाईघाईत मुलाच्या नावे बक्षीसपत्र. देणं थकलेलं असताना केलेलं असं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली धनको कोर्टातून रद्द करून घेऊ शकतो. वर मुद्रांक शुल्क गेलेलं असतं आणि तुमची नियत संशयात येते ती वेगळीच. फ्लॅट आहे तसा राहू दे.

पहिल्या पंधरा दिवसांतलं काम: पेन्शनचं खातं

तुमच्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग फोनवरचे वसुलीवाले नाहीत. पेन्शन आणि एक कार्ड एकाच बँकेत आहेत, हा आहे. कार्डाच्या अटींमध्ये बहुतेक बँका ‘तुमच्या इतर खात्यातून वळती करून घेण्याचा हक्क’ लिहून घेतात, आणि करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकेचा सर्वसाधारण धारणाधिकार आहे, म्हणजे देणं फिटेपर्यंत तिच्याकडे असलेलं तुमचं अडवून ठेवण्याचा हक्क. पेन्शनवर तो चालावा का, यात कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. पण एका सकाळी खात्यावर होल्ड लागला तर तो उठवायला पत्रं, तक्रारी, चकरा. त्या महिन्याची औषधं थांबत नाहीत.

म्हणून जिथे तुमचं काहीच देणं नाही अशा बँकेत नवीन बचत खातं उघडा, यजमानांसह, ‘दोघांपैकी एक किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं. किमान शिल्लक नको असेल तर मूलभूत बचत खातं मागा, मात्र ते घेतलं की त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. उघडण्याआधी कोषागार कार्यालयात विचारून घ्या की ती बँक आणि शाखा त्यांच्या पेन्शन-वाटपात चालते का. मग कोषागाराला बँक बदलाचा अर्ज: पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, नव्या पासबुकाचं पहिलं पान, रद्द केलेला चेक, आधार, पॅन. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. एक-दोन महिने जातील असं धरा. जुनं खातं नवीन खात्यात पहिली पेन्शन पडेपर्यंत बंद करू नका, नाहीतर पेन्शन परत जाते आणि सगळं पुन्हा सुरू. हे काम नोव्हेंबरात आलं तर हयातीचा दाखला नव्या बँकेतून गेला आहे याची कोषागारात खात्री करा.

मधल्या काळात पेन्शन ज्या दिवशी येईल त्याच दिवशी नव्या खात्यात वळती करा.

नव्या खात्यात पेन्शनशिवाय दुसरे पैसे येऊ देऊ नका. मुलाने पाठवलेले पैसे, भिशी, एलआयसीचे पैसे वेगळ्या खात्यात. उद्या कोर्टात ‘ही रक्कम पेन्शनची आहे’ हे पासबुकावरून दाखवायचं आहे, आणि सरमिसळ झालेलं पासबुक वाचायला कोणालाच आवडत नाही.

एफडीचं असं. ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले म्हणून त्यांचं स्वरूप बदलत नाही. निवृत्तीचे लाभ हातात आल्यावरही कलम ६० चं संरक्षण राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलं आहे. ग्रॅच्युइटी मंजुरीचा आदेश, ती जमा झाल्याची पासबुकातली नोंद आणि त्यातूनच केलेल्या एफडीची पावती, हे तीन कागद एका पाकिटात ठेवा. नंतर शाखेत विचारा: या एफडीवर लीन, म्हणजे बँकेचा बोजा, आहे का? कधीकधी कार्डच एफडीच्या तारणावर दिलेलं असतं आणि ग्राहकाला ते आठवत नाही. तसं असेल तर ती एफडी त्या कार्डासाठी अडकलेली आहे, ते कार्ड वेगळं धरावं लागेल. लीन नसेल तर मुदतीआधी मोडण्याचा दंड सोसून ती स्वतःच्याच नावे नव्या बँकेत न्या. दुसऱ्याच्या नावे नाही.

त्याच आठवड्यात ऑटो-डेबिट. कार्डाचं मिनिमम आपोआप कापायची सूचना असेल तर ती देय तारखेच्या आधी लेखी रद्द करा आणि पोच घ्या. नॅच मॅन्डेट (खात्यातून आपोआप रक्कम कापायला दिलेली संमती) खात्यात पैसे नाहीत म्हणून परतलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली. कार्डाचं देणं थकणं हा दिवाणी मामला आहे; त्याला फौजदारी वळण लागतं ते असं, चेक आणि मॅन्डेटमधून. म्हणून वसुलीवाल्याने ‘नुसता सिक्युरिटी म्हणून एक चेक द्या’ म्हटलं तरी द्यायचा नाही. कोरा तर नाहीच.

बँकेला पत्र

तिन्ही बँकांच्या क्रेडिट कार्ड विभागाच्या तक्रार निवारण किंवा नोडल अधिकाऱ्याला ईमेल आणि एक प्रत स्पीड पोस्टाने. रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच गेलं आहे, तेव्हा खिडकीवर ते मागत बसू नका; पोच असलेलं स्पीड पोस्ट मागा. मजकूर रडगाण्याचा नको, आकड्यांचा हवा. साधारण असा:

‘माझं वय ६७. उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन, दरमहा २४,६०० रुपये. आवश्यक खर्च २२,१००, तपशील सोबत. पतीच्या हृदयशस्त्रक्रियेची कागदपत्रं सोबत. शेवटचे चार आकडे अमुक असलेलं कार्ड मी अमुक तारखेपासून वापरणं बंद केलं आहे. मागील २४ महिन्यांची विवरणपत्रं आणि मुद्दल, व्याज, शुल्क, कर असा वेगवेगळा हिशोब पाठवावा. हिशोबाबद्दलचे माझे हक्क राखून, एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव लेखी कळवावा. यापुढील संपर्क याच ईमेलवर करावा.’

रक्कम आपण होऊन ‘मान्य आहे’ असं लिहायचं नाही. दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची. सही करून कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले की ती त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. तुमचं देणं ताजं आहे, तुमच्या बाबतीत हा मुद्दा आज मोठा नाही. पण ‘फक्त ५०० रुपये टाका, फाइल हलवतो’ या फोनमागे बऱ्याचदा हेच असतं.

विवरणपत्रं आली की पेन घेऊन बसा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. उशिराचा दंड देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. मर्यादेबाहेर खर्च होऊ देऊन त्याचं शुल्क लावायला तुमची स्पष्ट संमती लागते. फोनवर ‘हो हो’ म्हणून गळ्यात पडलेला कार्ड प्रोटेक्शन प्लॅन किंवा विमाही इथेच सापडतो. यातून लाख-दोन लाख कमी होत नाहीत. काही हजार होतात. पण तडजोडीच्या टेबलावर बँकेला उत्तर द्यायला लावणारा हा एकच कागद तुमच्या हातात असतो.

व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘३० टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा’ हा निरोप मात्र पत्रात घालू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तसा २००८ चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

फोन, दारावरची माणसं आणि तारखा

देणं थकल्याची नोंद देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त झाले की सिबिलकडे जाऊ शकते. ९० दिवस मिनिमम भरलं नाही की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. स्कोअर पडणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला यापुढे नवीन कर्ज घ्यायचंच नाही. या काळात फोन सगळ्यात जास्त येतात. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, धमकी, शिवीगाळ, सारखेसारखे निनावी फोन, नातेवाइकांसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर अपमान नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत लिहिलेलं आहे. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेची.

फोन उचलला तर बोलायचं एवढंच: ‘तुमचं पूर्ण नाव सांगा. कोणत्या एजन्सीतून बोलताय? बँकेचं अधिकारपत्र ईमेलवर पाठवा. मी बँकेला अमुक तारखेला लेखी कळवलं आहे, उत्तर लेखी द्या. कॉल रेकॉर्ड होतोय.’ आणि ठेवून द्यायचा. उद्या पाच हजार भरते, परवा बघते, असा वायदा अजिबात नको. वायदा मोडला की पुढच्या फोनवर तोच तुमच्यावर टाकला जातो, आणि खरं बोलणारं माणूसही खोटं ठरतं.

दारात आले तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहा, फोटो घ्या, घरात घ्यायची सक्ती नाही. वस्तू उचलून नेण्याचा अधिकार त्यांना नाही. ‘तुमच्यावर ४२० लागलंय, वॉरंट निघालंय’ म्हणणाऱ्याला पोलीस ठाण्याचं नाव आणि तक्रारीचा क्रमांक विचारा. व्हिडिओ कॉलवर गणवेशात दिसणारा माणूस तर सरळ भामटा; त्याची तक्रार १९३० वर.

त्रास झाला की तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, हे वहीत लिहा. बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर, फुकट. माहितीसाठी १४४४८. आधी बँकेकडे तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार तिथेच परत येते. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. लोकपाल देणं माफ करत नाही. छळ आणि चुकीचा हिशोब, एवढंच त्याचं काम.

तडजोड

तडजोड हा हक्क नाही, बँकेच्या धोरणावर आहे. पण ती केव्हा सैल होते याला कारणं आहेत. खातं चालू असताना बँक मुद्दल सोडत नाही, फार तर ईएमआय करून देते. एनपीए झाल्यावर बिनतारणी कर्जासाठी तिला २५ टक्के तरतूद करावी लागते (तेवढी रक्कम बुडेल असं धरून नफ्यातून बाजूला ठेवावी लागते), आणि एनपीए होऊन वर्ष उलटलं की खातं ‘संशयित’ होऊन पूर्ण १०० टक्के. पूर्ण तरतूद झालेल्या खात्यातून येणारा प्रत्येक रुपया बँकेला वरकड. म्हणून पहिला प्रस्ताव सहसा ‘व्याज आणि दंड माफ, मुद्दल भरा’ असा येतो, आणि पुढच्या तिमाहीत, विशेषतः मार्चच्या आसपास, तोच आवाज मुद्दलाच्या निम्म्यावर किंवा त्याखालीही बोलायला लागतो. ‘आज संध्याकाळपर्यंतच ऑफर’ ही पुढच्या महिन्यातही असते.

तुमची ताकद किती? १,८०,००० पैकी ८०,००० औषधपाण्यासाठी बाजूला, त्याला कोणासाठीही हात नाही. उरले १,००,०००, आणि वर्षभरात दरमहाच्या २,५०० चे ३०,०००. एकूण १,३०,०००, म्हणजे देण्याच्या साधारण चौथा हिस्सा. ही रक्कम तिन्ही बँकांना वाटून द्यायची नाही. प्रत्येकी चाळीस हजार ‘खात्यावर’ भरले तर ते व्याजात जिरतात आणि एकही खातं बंद होत नाही. एक खातं पूर्ण मिटवा, मग दुसरं. आधी कोणतं? पेन्शन हलवता आली नाही तर पेन्शनच्या बँकेचं. हलवली तर जी बँक सगळ्यात खोल सूट लेखी देईल तिचं. तिन्ही या पैशात मिटतीलच असं नाही. दोन मिटली तरी कोर्टकचेरीचा धोका एका बँकेवर येतो.

पैसे भरण्याआधी पत्र. बँकेच्या लेटरहेडवर, बँकेच्या अधिकृत ईमेलवरून. त्यात तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण थकबाकी, तडजोडीची रक्कम, भरायची तारीख, ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द, उरलेली रक्कम मागितली जाणार नाही, चालू दावा किंवा लवाद असेल तर मागे घेऊ, ना-देय दाखला किती दिवसांत. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ बँकेच्या ईमेलवर पाठवून ‘हे तुमचंच आहे का’ विचारल्याशिवाय खरी धरू नका. पैसे कार्डाच्या खात्यातच, एनईएफटीने. एजंटाच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. मुदतीच्या तीन-चार दिवस आधी भरा. शेवटच्या तारखेला भरलेले पैसे दुसऱ्या दिवशी जमा झाले तर तडजोड रद्द, आणि भरलेली रक्कम थकबाकीत वळती. हप्त्यांची तडजोड घेतली तर तीन हप्त्यांच्या वर नको, आणि त्यासाठी पुढच्या तारखांचे चेक द्यायचे नाहीत.

सिबिलवर ‘सेटल्ड’ असं येईल, ‘क्लोज्ड’ नाही. चालेल. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. पत्र, यूटीआर नंबर (एनईएफटीचा व्यवहार क्रमांक) आणि दाखला जपून ठेवा. जुनी खाती थकीत कर्जं विकत घेणाऱ्या अ‍ॅसेट रीकन्स्ट्रक्शन कंपन्यांना गठ्ठ्याने विकली जातात आणि मिटलेलं खातंही चुकून त्या गठ्ठ्यात जातं. पाच वर्षांनी फोन आला तर तो कागदच बोलेल.

‘तुमचं कर्ज आम्ही अर्ध्यावर आणतो’ म्हणणाऱ्या कंपन्या महिन्याला फी घेतात, हप्ते बंद करा सांगतात आणि नोटीस आली की वकील वेगळा लावा म्हणतात. वर लिहिलेलं काम तेच आहे. ते तुम्ही आणि तुमचा मुलगा एका ईमेल खात्यावरून करू शकता.

कागद आला तर

लोक अदालतीची नोटीस म्हणजे समन्स नाही आणि वॉरंट तर नाहीच. दावापूर्व प्रकरणात जाणं ऐच्छिक आहे, पण जा. बँकेचा निर्णय घेऊ शकणारा माणूस तिथे समोर बसतो. मात्र तिथे सही झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. समोरच्याने महिना आठ हजार लिहिलं तर ‘जमणार नाही’ म्हणून उठून या. आकडा तुमचा घरून ठरवलेला हवा.

लवादाची नोटीस चेन्नई किंवा मुंबईहून ईमेलवर येते, लवाद बँकेनेच नेमलेला असतो. एका बाजूने परस्पर नेमलेला एकटा लवाद चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. पण ही हरकत लेखी घ्यावी लागते. नोटीस कचऱ्यात टाकली तर निवाडा होतो आणि तो रद्द करून घ्यायला तीन महिन्यांची मुदत असते.

दिवाणी कोर्टाचं समन्स दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचं (झटपट निकालाच्या दाव्याचं) असेल तर मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची. हे दहा दिवस ‘गावाला गेलो होतो’ म्हणण्यात घालवले की बँकेला हुकूमनामा मिळतो. समन्स हातात पडलं त्याच दिवशी पाकिटावर तारीख लिहा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयात असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली. फोनवर विचारायचं तर १५१००. वकिलाला दोन गोष्टी सांगा: ऑर्डर २० नियम ११ खाली उत्पन्न पाहून हप्ते पाडून मागा, आणि वसुलीची वेळ आली तर कलम ६० चा अर्ज पेन्शन-ग्रॅच्युइटीच्या कागदांसह तयार ठेवा. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, त्याच संहितेचं कलम ५६. हे यजमानांना वाचून दाखवा, झोप लागेल.

घर मात्र आपोआप सुरक्षित नाही. हुकूमनामा झाला तर फ्लॅटमधल्या तुमच्या हिश्शावर जप्तीचा अर्ज होऊ शकतो, यजमानांच्या हिश्शावर नाही. एक-दोन लाखांच्या कार्डासाठी बँका इतकं लांब क्वचित जातात. पण त्या भरवशावर समन्स दडवून ठेवू नका.

दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता येतं का, हेही विचारलंय. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून हा प्रश्न येतो. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू केला आहे. तुमच्यासाठी उरतो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, जिल्हा न्यायालयात. वाट आहे, पण लांब आणि पाच लाखांसाठी महागडी, आणि त्यात फ्लॅटचा हिस्साही कोर्टाच्या ताब्यात जाण्याची शक्यता. मी सुचवणार नाही.

राहिला मुलगा. आईच्या कार्डाचं देणं मुलावर येत नाही. तुमच्या पश्चातही वारसांची जबाबदारी जेवढी मालमत्ता वारशाने मिळाली तेवढ्यापुरतीच. त्याने कोणत्याही कागदावर जामीनदार किंवा सह-कर्जदार म्हणून सही करायची नाही, आणि फोनवर ‘मी भरतो’ असंही म्हणायचं नाही. त्याच्या ऑफिसात फोन गेला तर तो त्या वहीत तारखेसह. मदत करायचीच असेल तर तडजोडीचं पत्र हातात आल्यावर, त्या पत्रातल्या आकड्यापुरती, आणि पैसे तुमच्या खात्यातून भरून.